बंद पडलेली पद्मिनी चालू करताना: सेल्फ सगळ्यात शेवटी

गावच्या गोठ्यात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात दहा-पंधरा वर्षं उभी असलेली प्रीमियर पद्मिनी हाती आली की बहुतेक जण पहिल्याच दिवशी एकच उद्योग करतात. दुसऱ्या गाडीची बॅटरी काढून आणतात, कार्बोरेटरमध्ये वाटीभर पेट्रोल ओततात आणि सेल्फ मारतात. गाडी लागली नाही तर नशीब म्हणायचं. खरं नुकसान ती लागल्यावर होतं. ऑईल बेअरिंगपर्यंत पोचायच्या आत इंजिन फिरतं, टाकीतला गाळ जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक भोकांत जातो, व्हॉल्व्ह अडकलेला असेल तर त्याला ढकलणारा दांडा, म्हणजे पुशरॉड, वाकतो. आणि गाडी लागली या आनंदात कोणीतरी ती गेटबाहेर काढतो, तेव्हा ब्रेकचं पेडल थेट फरशीला टेकतं.

खाली दिलेला क्रम मी पद्मिनी धरून लिहिला आहे. जुनी फियाट 1100 डी असेल तर जवळजवळ सगळं तसंच लागू पडतं. सुटे तपशील मॉडेलप्रमाणे बदलतील, क्रम मात्र बदलू नका. विशेषतः ब्रेक इंजिनाच्या आधी का, असं विचारू नका. इंजिन लागलं की माणसाचा धीर सुटतो, हे त्याचं उत्तर.

## टप्पा 1: गाडीच्या आधी कागद

गाडी बघायला जाल तेव्हा टॉर्च, वायर ब्रश, पेन्सिल आणि पातळ कागद घेऊन जा. चासी नंबर आणि इंजिन नंबर जिथे ठोकलेले आहेत तिथली घाण काढा, कागद ठेवून पेन्सिल घासा आणि तो ठसा आरसी बुकाशी एकेक अंक जुळवा. इंजिन बदललेलं असणं या गाड्यांत नवल नाही, पण बदललेल्या इंजिनाची नोंद बुकात हवी. चासी नंबरच जुळत नसेल किंवा तिथला पत्रा गंजून नंबर वाचता येत नसेल, तर मी असली गाडी फुकटसुद्धा घेणार नाही.

यानंतर लोक हमखास विसरतात त्या गोष्टी:

- बुकात अजून बँकेचा बोजा आहे का? 1980 च्या दशकात कर्जावर घेतलेली गाडी, कर्ज कधीच फिटलेलं, पण बोजा उतरवलेला नाही, हे फार आढळतं. तो उतरवायला फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र लागतं. ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर हे पत्र मिळवणं हेच सगळ्यात लांबलेलं काम ठरतं.
- मूळ मालक हयात आहेत का? असतील तर फॉर्म 29 आणि 30 वर त्यांची सही. नसतील तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म 31 ने गाडी चढवावी लागते, मग तुमच्या नावावर. "काकांची गाडी आहे, घेऊन जा" हा व्यवहार नव्हे.
- आरसी हरवलं असेल तर पोलिसांत नोंद करून फॉर्म 26. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर फॉर्म 28 ची एनओसी.
- जुन्या नोंदी ऑनलाइन चढलेल्याच नसतात. मूळ आरटीओत जाऊन बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून, घ्यावी लागते. ही चकर गाडी घेण्याआधी मारा.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, त्यानंतर फॉर्म 25 भरून दर 5 वर्षांनी नूतनीकरण. कारचं हे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये झालं आणि 20 वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ऑगस्ट 2025 मध्ये 10,000 वर गेलं. मध्ये किती वर्षं चुकली त्याप्रमाणे विलंब शुल्क वेगळं, पर्यावरण कर वेगळा. हा हिशोब गाडीच्या किमतीत धरा.

"50 वर्षं झाली, व्हिंटेजमध्ये टाकू" असा सल्ला कट्ट्यावर मिळेल. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाडीला "व्हीए" मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला 20,000 रुपये लागतात आणि ती 10 वर्षं चालते. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. रविवारी सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला जायचं असेल तर साधं नूतनीकरणच करा.

थांबा: नोंदणी रद्द करून भंगारात दिलेली गाडी असेल तर ती सुट्या भागांसाठी घ्या, चालवण्यासाठी नको.

## टप्पा 2: पत्रा बघा, रंग नव्हे

पद्मिनीला वेगळी चौकट नाही. बॉडी हीच तिची हाडं. त्यामुळे दाराखालचा लांबट पत्रा, पायाखालची फरशी आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे अडकतात त्या जागा कुजल्या असतील, तर तो रंगाऱ्याचा प्रश्न राहत नाही. मॅट आणि खालचा काथ्या उचला. जाड स्क्रू ड्रायव्हरने फरशी टोचून बघा. टण्ण आवाज आला तर पत्रा आहे, खसकन आत गेला तर नाही. बाहेरून एक लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे लांबी (पुटी) भरलेली आहे.

कोकणातल्या गाड्यांत फरशी आणि दारांचे तळ आधी जातात. देशावरच्या कोरड्या शेडमधल्या गाडीचा पत्रा बरा असतो, पण तिथे उंदीर. सीट, छताचं कापड आणि डॅशबोर्डमागची वायरिंग त्यांचीच. हातमोजे घालूनच आत हात घाला, गांधीलमाश्यांची पोळी आणि कधी कधी त्याहून लांबट रहिवासीही निघतात.

फोटो काढा. प्रत्येक वायर, होजपाईप, लिंक सोडण्याआधी दोन बाजूंनी. सुटे स्क्रू डब्यात, डब्यावर कागद चिकटवून. हे काम आठवड्याभरात संपेल असं वाटतं, आणि संपतं पुढच्या दिवाळीला. तेव्हा काहीच आठवत नाही.

## टप्पा 3: गाडी घरी आणणं

दोरी बांधून ओढत आणू नका. ब्रेक नसलेली, स्टिअरिंग जाम झालेली, टायर तडकलेली गाडी महामार्गावर दोरीवर आणणं म्हणजे मागच्या माणसाचा जीव धोक्यात घालणं. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक, सांगा.

हलवण्याआधी चारही चाकं फिरतात का ते पाहा. हँडब्रेक लावून सोडलेली गाडी असेल तर मागचे लायनर (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या) ड्रमला चिकटलेले असतात. अशी गाडी विंचने खेचली की लायनर तुकड्यांनी सुटून आतच अडकतो. मागचं चाक जॅकवर घ्या, हँडब्रेकची केबल ढिली करा, ड्रमच्या कडेला लाकडी ठोकळा धरून हातोडीने सगळीकडून हलके ठोके द्या. बहुतेक वेळा सुटतं.

टायर फुगवून घरापर्यंत येईल एवढंच बघायचं. पुढे वापरायचे नाहीत. टायरवरचा शेवटचा आकडा तीन अंकी असेल तर तो 2000 सालाच्या आधीचा आहे, चार अंकी असेल तर पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन साल. नक्षी कितीही खोल दिसली तरी दहा वर्षांवरचा टायर बदला. 5.20-14 हे मूळ माप आजकाल सहज मिळत नाही, ते आत्तापासून शोधायला लागा.

## टप्पा 4: ब्रेक

चारही चाकांना ड्रम आहेत, म्हणजे काम सोपं आणि चौपट.

गाडी लोखंडी स्टँडवर घ्या. जॅकच्या भरवशावर किंवा विटांच्या चवडीवर ठेवलेल्या गाडीखाली जायचं नाही. ड्रम काढल्यावर आतली धूळ फुंकू नका, हवेची नळीही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

व्हील सिलिंडर, म्हणजे प्रत्येक चाकाजवळचा ब्रेक दाबणारा सिलिंडर, उघडा. आतला रबरी कप फुगलेला आणि भोकात तपकिरी चिखल असणार हे धरूनच चला. भोकाला गंजाचे खड्डे पडले असतील तर घासून कप बदलण्यात अर्थ नाही, चार महिन्यांत परत गळेल. सिलिंडरच नवा घाला. पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरचंही तसंच. कप बसवताना फक्त ब्रेक ऑईल लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑईल लावलं की रबर फुगतं, आणि आपल्या पोराटोरांच्या हातून ही चूक हमखास होते.

रबरी ब्रेक होज बाहेरून चांगले दिसले तरी बदला. आतून फुगलेला होज तेल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. मग पेडल सोडल्यावरही चाक धरून राहतं आणि माणूस लायनर, स्प्रिंग, केबल सगळं बदलत बसतो. लोखंडी पाईप मागच्या ॲक्सलवर आणि क्लिपांखाली गंजतात, तिथे नखाने खरवडून बघा. जुन्या मॉडेलांना ब्रेकचं एकच सर्किट आहे. एक पाईप फुटला की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो, हे लक्षात ठेवून इथे काटकसर करा किंवा करू नका.

डॉट 3 ब्रेक ऑईल भरून हवा काढा. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचं हवा काढायचं निपल सोडून पुन्हा कसायचं, मगच पहिल्याने पाय उचलायचा. निपल उघडं असताना पाय उचलला की हवा परत आत.

तपासा: पेडल कडक लागतंय का? ते जोरात दाबून मिनिटभर धरा. हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर धरत नाही किंवा कुठेतरी गळतंय. हे मिटेपर्यंत पुढचा टप्पा नाही.

## टप्पा 5: इंजिन हाताने फिरवा

चारही प्लग काढा. काढण्याआधी वायरींवर 1 ते 4 आकडे घाला. या इंजिनाचा क्रम 1-3-4-2 आहे, आणि अदलाबदल झालेल्या वायरी शोधण्यात अख्खा रविवार जातो. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-दोन चमचे पातळ ऑईल सोडा, अर्धं इंजिन ऑईल आणि अर्धं डिझेल चालतं. भोकांवर फडकं टाका आणि दोन-तीन दिवस गाडीकडे बघू नका.

मग पुलीच्या नटाला लांब पाना लावून, घड्याळाच्या दिशेने, हळू. नटापर्यंत हात जात नसेल तर दुसरा उपाय: गाडीचं मागचं एकच चाक उचला, बाकीच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा, चौथा गिअर टाका आणि उचललेलं चाक हाताने पुढे-मागे हलवा. थोडं हललं तरी पुष्कळ झालं. पुन्हा ऑईल, पुन्हा वाट.

जाम इंजिन सुटेना म्हणून सेल्फ मारणं किंवा गिअरमध्ये टाकून गाडी ओढणं, दोन्ही पाप. रिंग तुटते, नाहीतर पिस्टन. आठवडाभर दम धरूनही हलत नसेल तर हेड उतरवा.

इंजिन सुटल्यावर लगेच खूश होऊ नका. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनावरचं व्हॉल्व्हचं झाकण, काढा आणि कोणाला तरी इंजिन हाताने दोन फेरे फिरवायला सांगून आठही व्हॉल्व्ह खाली-वर होतात का ते डोळ्यांनी बघा. उभ्या गाडीत एखादा व्हॉल्व्ह त्याच्या गाइडमध्ये (दांडा सरकतो त्या नळीत) गंजून उघडाच राहतो. मी पहिल्या गाडीत ही पायरी गाळली होती. सेल्फच्या तिसऱ्या झटक्याला टक्क असा आवाज आला आणि पुशरॉडचा धनुष्य झाला. अडकलेल्या व्हॉल्व्हच्या दांड्यावर पातळ ऑईल सोडा आणि प्लास्टिकच्या हातोडीने हलके ठोका. पिस्टन खाली आहे याची खात्री करून.

## टप्पा 6: ऑईल आणि पाणी

चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्याचा, नट सोडून जुनं ऑईल बादलीत घ्या. आधी पाणी आलं तर ते तळाला साचलेलं होतं, ऑईल दुधाच्या चहासारखं असेल तर हेड गॅस्केटवर संशय धरा. फिल्टर बदला, 20डब्ल्यू-50 भरा. सध्या महागाचं नको, हे ऑईल तासा-दोन तासांनी काढायचंच आहे. गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑईलही बघून घ्या. लोक ते विसरतात कारण ते दिसत नाही.

ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. यात वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलं की हेडला पाण्याच्या वाटांशी खड्डे पडतात. रेडिएटर काढून खालच्या नळीतून उलटं पाणी मारा, लाल पाणी थांबेपर्यंत. होजपाईप आणि फॅन बेल्ट नवे घाला. थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह, काढून फेकण्याची आपल्याकडच्या गॅरेजांची जुनी खोड आहे, तुमच्या गाडीत तो नसेल तर नवा बसवा. शेवटी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. भरून एक रात्र ठेवा आणि सकाळी खाली पुठ्ठा बघा.

## टप्पा 7: पेट्रोलचा रस्ता

टाकी उतरवाच. आतल्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येत असेल आणि तळाशी डिंक जमला असेल, तर वरून नवं पेट्रोल ओतून तो डिंक कार्बोरेटरला पाठवू नका. टाकी रिकामी करून गरम पाणी आणि कपड्यांच्या पावडरने धुवा. गंज असेल तर दहा लिटर पाण्याला अर्धा किलो सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, रात्रभर. सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवा आणि आत थोडं पेट्रोल फिरवा, नाहीतर दुपारपर्यंत पुन्हा लाल.

थांबा: पेट्रोलच्या टाकीला स्वतः वेल्डिंग करायचं नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट फुटते.

पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. जुने रबरी पाईप आणि पंपाचा पडदा त्याने मऊ पडतात, मग तडकतात. इथेनॉल चालेल असे नवे पाईप, पंपाचा नवा किट आणि कार्बोरेटरमध्ये नव्या गॅस्केट घाला. जेट पितळेचे असतात, त्यांत सुई घालू नका, भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल पिते. हवेच्या दाबाने किंवा वायरीतल्या तांब्याच्या एका तारेने साफ करा. कार्बोरेटरमधला तरंगणारा फ्लोट कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल खुळखुळलं तर तो फुटलेला आहे.

पार्ट्ससाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुना पार्ट हातात घेऊन जा. "फियाटचा पंप द्या" म्हणालात तर तीन वेगवेगळे पंप समोर येतील.

## टप्पा 8: करंट

बॅटरी सरळ जोडू नका. आधी वायरिंगवरून हात फिरवा, उंदराने सोललेल्या जागा टेपने झाकू नका, तेवढी वायर बदला. मग सगळी बटणं बंद ठेवून, बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि तिथून काढलेली केबल यांच्यामध्ये एक 21 वॉटचा ब्रेक लाइटचा बल्ब जोडा. बल्ब लख्ख पेटला म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे. एकेक फ्यूज काढत जा, बल्ब विझला की ती वाट सापडली. या पाच मिनिटांनी अख्खी गाडी जळण्यापासून वाचते.

डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाचं, झाकण काढा. आतल्या पॉइंटवर (उघड-मीट करणाऱ्या संपर्कांवर) राखाडी थर असतो, तो बारीक पॉलिश पेपरने घासा किंवा पॉइंट नवेच घाला. गॅप साधारण 0.45 मिमी, प्लगचा 0.6 मिमी, फिलर गेजने. पत्रिकेची घडी घालून अंदाजे नको. पॉइंटशी जोडलेला कंडेन्सर नवा घाला पण चालू असलेला जुना फेकून देऊ नका, आजच्या नव्या कंडेन्सरचा भरवसा नाही.

तपासा: प्लग बाहेर, इंजिनाला टेकवून, जाड ठिणगी पांढरी-निळी दिसली पाहिजे. पिवळी, लुकलुकती असेल तर कॉइल, कंडेन्सर आणि अर्थ या क्रमाने बघा. हे करताना सिलिंडरच्या भोकांजवळ पेट्रोलची वाफ नको.

## टप्पा 9: आता सेल्फ

गाडी उघड्यावर, चाकांना दगड, गिअर न्यूट्रल, एबीसी पावडरचं अग्निशमन सिलिंडर हाताशी. टाकी अजून जोडायची नाही. एका छोट्या डब्यातून स्वच्छ पेट्रोल नळीने पंपाला द्या, डबा एक्झॉस्टपासून लांब.

प्लग न लावता, कॉइलची वायर काढून, दहा-दहा सेकंद सेल्फ द्या. डॅशबोर्डवरचा ऑईलचा लाल दिवा विझेपर्यंत. प्रत्येक वेळी अर्धा मिनिट सेल्फला थंड होऊ द्या. दिवा विझतच नसेल तर इथेच थांबा आणि ऑईल पंप बघा. दिवा विझला की वेळ काढून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा. चारही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखाद्यात कमी आलं तर तिथे चमचाभर ऑईल टाकून परत मोजा. वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह.

प्लग लावा, चोक ओढा, चावी फिरवा. लागली की ॲक्सिलरेटर दाबून घोंगावत ठेवू नका. पहिल्यांदा निळा धूर येतो, ते तुम्हीच घातलेलं ऑईल. दहा मिनिटांत तो कमी झाला पाहिजे. पांढरा, गोडसर वासाचा धूर येतच राहिला तर कूलंट जळतंय. एकाने फक्त लाल दिव्याकडे बघायचं, दुसऱ्याने खाली गळती. खालून जड ठोका ऐकू आला तर लगेच बंद. पाणी गरम झालं आणि रेडिएटर रिकामा दिसला तरी गार पाणी ओतायचं नाही, हेड तडकतं.

दहा मिनिटं, बंद, थंड. ऑईल बघा, पाणी बघा. पुन्हा वीस मिनिटं. मग ते ऑईल काढून नवं भरा.

## टप्पा 10: फाटकाच्या आत, मग फाटकाबाहेर

क्लच प्लेट चिकटलेली असेल तर गिअर पडताना कर्कश आवाज येतो. इंजिन गरम करा, बंद करा, चौथ्यात टाका, क्लच पूर्ण दाबून धरून गाडी पुढे-मागे ढकला. तीन-चार झटक्यांत सुटते.

आता टाकी जोडा आणि मध्ये पारदर्शक फिल्टर टाका, पहिल्या महिन्यात त्यात काय काय जमतं ते बघण्यासारखं असतं. आवारातच पहिल्या गिअरमध्ये, पायाच्या ब्रेकने वीस वेळा थांबवा, मग चारही ड्रमला हात लावून बघा. एखादा जास्त गरम असेल तर तो धरतोय.

विमा, पीयूसी, नूतनीकरण आणि नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट झाल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर नाही. आरटीओच्या तपासणीला गाडी फ्लॅटबेडवरूनच न्या. जाण्याआधी हॉर्न, वायपर, दोन्ही हेडलाइट, इंडिकेटर आणि हँडब्रेक बघून घ्या, आणि चासी नंबरची जागा घासून पुसून स्वच्छ करून ठेवा. इन्स्पेक्टर बॉनेट उघडल्यावर आधी तिथेच बघतो.

पहिले पाचशे किलोमीटर घराच्या वीस किलोमीटर परिघात. डिकीत फॅन बेल्ट, कंडेन्सर, पॉइंट, पाच लिटर पाणी, पाना-पक्कड आणि टॉर्च. पाचशे झाले की टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पुन्हा सेट करा, चाकांचे नट कसा, ब्रेक ऑईलची पातळी बघा आणि त्या पारदर्शक फिल्टरचा रंग तपासा. तपकिरी दिसला तर टाकी परत उतरवा.